वस्तरा ओढतो, आग होते, गळा साफ होत नाही: दोष कुठे शोधायचा

धार लावून आणली की आठवडाभर दाढी झकास होते. मग एका सकाळी पहिल्याच हाताला खुंट ओढले जातात, डोळ्यांत पाणी येतं आणि अर्ध्या दाढीवर वस्तरा खाली ठेवून साधा रेझर हातात घ्यावा लागतो. पुन्हा दगड काढायचा, पुन्हा धार लावायची, पुन्हा आठवडाभर सुख. घरी वस्तऱ्यानं दाढी करणारा माणूस या फेऱ्यात कधी ना कधी अडकतोच. मी पाच महिने अडकलो होतो.

माझा वस्तरा पुण्याच्या जुन्या बाजारातला. एका रविवारी पथारीवर, गंजक्या पकडी आणि किल्ल्या हरवलेल्या कुलपांच्या ढिगात सापडलेला. शेपटावर, म्हणजे पात्यामागच्या धरायच्या दांडीवर, जर्मनीतल्या सोलिंगनचा शिक्का, मापानं पाच अष्टमांश इंच, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत साधारण १६ मिलिमीटर. एका जाणकाराकडून धार लावून घेतली. पहिल्या आठ दाढ्या अशा झाल्या की गालावरून हात काढवत नव्हता. नवव्या दाढीला ओढायला लागला. मी दगड विकत घेतले, धार लावायला शिकलो आणि पाच महिन्यांत सहा वेळा धार लावली. पात्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी चपट्या पट्ट्या पडल्या, इतका तो घासला गेला. दुखणं जागच्या जागी.

यातून बाहेर काढलं ते आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी. त्यांच्या दुकानात आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा चालतो, पण उमेदीची वर्षं त्यांनी खऱ्या वस्तऱ्यावर काढली आहेत. मी वस्तरा नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे तिरपा धरून पाहिला, धारेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "पट्टा आणलाय का? मग मारून दाखवा." मी खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून त्यावर वस्तऱ्याचे आठ-दहा हात मारले. त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा दादा. पट्ट्याला पोट पडतंय, दिसतंय का? आणि वळवताना पातं उचलताय. रोज सकाळी धार तुम्हीच मोडताय, आणि राबवताय त्या दगडाला."

त्यानंतर मी वस्तऱ्याचं कुठलंही दुखणं तपासताना आधी तीन गोष्टी वहीत लिहायला लागलो. धार लावल्यापासून कितव्या दाढीला त्रास सुरू झाला? चेहऱ्यावर कुठं होतो, सगळीकडे की एकाच जागी? आणि दाढी चालू असताना दुखतं की नंतर? बहुतेक वेळा एवढ्यावरच दोषाची दिशा कळते. दगडाला हात लावायची पाळी फार कमी वेळा येते. दुसरं म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि किमान तीन दाढ्या तशाच करून बघायच्या. साबण, पट्टा आणि धार एकाच रविवारी बदलली तर फरक कशानं पडला हे कधीच कळणार नाही.

पाच-सहा दाढ्या चांगल्या, मग ओढायला लागतो

असं असेल तर दोष जवळजवळ नक्की पट्ट्यात आहे, किंवा पट्टा मारणाऱ्या हातात. पट्ट्यावर वस्तरा फिरवण्याला जुनी न्हावी मंडळी वस्तरा पलाटणं म्हणतात. पट्टा हाताशी नसेल तर काही जण तळहातावरही पलाटायचे. नवख्यानं मात्र त्या वाटेला जाऊ नये.

पलाटल्यानं होतं काय, ते आधी बघू. दाढी करताना धारेची अतिशय पातळ कड जागोजागी किंचित कलते. चामड्यावरून पातं पाठीकडून ओढलं की ती कड पुन्हा सरळ रेषेत येते, पाण्याचा अंश आणि बारीक मळ निघून जातो. हे होण्यासाठी चामडं सपाट राहायला हवं. पट्टा ढिला असला किंवा हातानं जोर दिला की पात्याच्या वजनाखाली पट्टा खाली वाकतो आणि धारेमागून निघताना चामडं तिला खालून वळसा घालतं. प्रत्येक हाताला कड किंचित गोल होते. एका दिवसात कळत नाही. सहा दिवसांत कळतं. मग आपण दगडावर ती गोलाई काढतो, वस्तरा पुन्हा चालायला लागतो, आणि आपला समज होतो की धारच टिकत नाही, पोलादच हलकं आहे. माझंही हेच झालं होतं. त्या वस्तऱ्याचं पोलाद उत्तम होतं.

दुसरी चूक वळवताना होते. पट्ट्याच्या टोकाशी पोचल्यावर पातं पाठीवरच लोळवून दुसऱ्या कुशीवर आणायचं असतं. धार वरून फिरून आली पाहिजे. घाईत आपण पातं उचलतो, मनगट फिरवतो, आणि उतरताना धार आधी टेकते. एकदा जरी असं झालं तरी त्या जागी धार मोडते, शिवाय पट्ट्यावर चीर पडते ती वेगळीच.

काकांनी मला जे करायला लावलं ते असं. पट्टा इतका ताणायचा की पातं मधोमध असतानाही तो वाकलेला दिसू नये. तेवढा ताण हाताला जमत नसेल तर पट्टा लाकडी फळीवर पसरून मारायचा, पोट पडण्याचा प्रश्नच मिटतो. पातं पूर्ण आडवं, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. जोर पात्याच्या वजनापुरता. वस्तरा वळवायचा तो अंगठा आणि तर्जनीत शेपूट लोळवून, मनगट स्थिर. आधी सुती कॅनव्हासच्या बाजूवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ५०. सलूनमध्ये दिसणारा तो फटफट वेग विसरून जायचा, तो दहा वर्षांनी आपोआप येतो. पहिला महिना मी मनात आकडे मोजत, कासवाच्या गतीनं मारत होतो.

पट्टा बरोबर चालला आहे हे हाताला कळतं. चामडं पात्याला हलकंसं धरून ठेवतं आणि ती ओढ टाचेपासून, म्हणजे धारेच्या शेपटाकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत सारखी लागते. अधूनमधून पातं घसरल्यासारखं वाटलं तर तिथं धार टेकलेली नाही, किंवा पट्टा तेलकट किंवा मळका झाला आहे. पट्ट्यावरून बोटाचं टोक डोळे मिटून फिरवा. एखादी चीर, उचललेलं चामडं, वाळूचा कण लागला तर आधी त्याचा बंदोबस्त करा. बारीक चीर असेल तर उचललेला भाग अगदी बारीक पॉलिश पेपरनं सपाट करता येतो. कडेपासून आत शिरलेली खोल चीर असेल तर तो पट्टा बाद समजा.

आपल्याकडे चांगला पट्टा बाजारात सहज मिळत नाही आणि परदेशी मागवला तर महाग पडतो. मी कोल्हापूरला चपला करणाऱ्या एका कारागिराकडून म्हशीच्या चामड्याची अडीच इंच रुंद, दोन फूट लांब पट्टी कापून आणली. तिथं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यात क्रोम नसतं, आणि वस्तऱ्याला असंच चामडं मानवतं. नवं असताना ते राठ होतं. मऊ बाजू पॉलिश पेपरनं एकसारखी केली, रोज तळहातानं चोळली. तीन आठवड्यांनी तिनं पातं धरायला सुरुवात केली.

धार आधीच गोल झाली असेल तर १००० नंबरच्या भरड दगडापर्यंत मागं जाऊ नका. सगळ्यात बारीक दगडावर, फक्त पाणी लावून, हलक्या हातानं १५-२० फेऱ्या पुरतात. नाहीतर चामड्याच्या वेगळ्या पट्टीवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळून त्यावर दहा फेऱ्या माराव्यात. रोजच्या पट्ट्याला ही पेस्ट लागू देऊ नका. एकदा लागली की निघत नाही, आणि मग रोज सकाळी तुम्ही नकळत धार लावत बसता.

पहिल्या दाढीपासूनच ओढतो

इथं मात्र दगडाचाच प्रश्न आहे. धार मुळात आलीच नव्हती.

वस्तऱ्याची रचना एका बाबतीत फार सुंदर आहे. दगडावर कोन किती धरायचा हे माणसाला ठरवावं लागत नाही. पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप पक्का होतो. माझ्या वस्तऱ्याची पाठ साडेचार मिलिमीटर जाड आहे आणि रुंदी १६ मिलिमीटर, त्यामुळे धारेपाशी भेटणारे दोन्ही बाजूंचे उतार मिळून धारेचा कोन साधारण १६ अंशांचा होतो. स्वयंपाकघरातली सुरी याच्या जवळपास दुप्पट कोनावर असते. एवढी पातळ धार असल्यामुळेच वस्तरा केस इतक्या मऊपणे कापतो, आणि एवढ्या पातळ धारेला छोटीशी चूकही सोसत नाही.

पहिला दगड, म्हणजे १००० नंबरचा, दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत भेटेपर्यंत चालवावा लागतो. ते भेटलेच नाहीत तर पुढचे ४०००, ८०००, १२००० नंबरचे दगड नुसतं चकाकी देतात. धार आरशासारखी दिसते आणि ओढते. नवख्यांच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथं येऊन थांबतात, असं माझं मत झालं आहे.

तपासायला एक साधी युक्ती आहे, आणि ती प्रत्येकानं एकदा करून पाहावीच. काळ्या मार्करनं धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंनी, टाचेपासून टोकापर्यंत रेघ ओढा. वाळू द्या. आता दगडावर फक्त दोन हलके हात मारा आणि भिंगातून बघा. घड्याळजींकडे किंवा सराफाकडे असतं तसलं दहापट दाखवणारं भिंग पुरतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उताराचा वरचा भाग लख्ख झाला होता आणि अगदी कडेला, धारेलगत, केसाएवढी काळी रेघ टाचेपासून मध्यापर्यंत शाबूत होती. एवढ्या भागात दगड धारेला शिवतच नव्हता. सहा वेळा धार लावली होती आणि त्यातल्या काही वेळा त्या भागाला काहीच मिळालं नव्हतं.

कारण शोधायला आणखी दोन दिवस लागले. पाठ झिजू नये म्हणून मी कधीतरी पाठीवर वायरमनची टेप लावायचो आणि कधी विसरायचो. टेपच्या एका थरानं कोन जवळजवळ एका अंशानं वाढतो. टेप लावून केलेल्या धारेला नंतर टेपशिवाय घासलं की दगड फक्त उताराच्या वरच्या खांद्याला लागतो, कडेपर्यंत पोचतच नाही. टेप लावायची तर दर वेळी लावा, आणि दगड बदलताना नवा तुकडा घ्या. नसेल लावायची तर कधीच लावू नका.

दगड सपाट नसणं हे दुसरं नेहमीचं कारण. पाण्याचे दगड वापरून मधोमध खोलगट होतात. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा, जाड काचेवर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पसरून त्यावर दगड घासा. सगळ्या रेषा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मध्ये पेन्सिल उरली तर तो खड्डा आहे. नव्या दगडाचीही एकदा ही परीक्षा घ्यावी.

१००० वर काम झालं की नाही हे दंडावरच्या केसांवर कळतं. पातं कातडीला जवळजवळ समांतर धरून फिरवलं तर केस कापले गेले पाहिजेत, आणि टाच, मध्य, टोक तिन्ही ठिकाणी सारखे. एकाही जागी अडखळलं तर पुढच्या दगडावर जाऊ नका. शेवटच्या दगडानंतर आणि पलाटल्यानंतर, डोक्याचा सुटा केस मुळाकडून धरून धारेवर हलकेच सोडला तर तो तुटतो. पण ही शेवटची परीक्षा केसागणिक बदलते. धुतलेला जाड केस तुटेल, तेल लावलेला बारीक केस तुटणार नाही. तिच्यावर फार विसंबू नका. खरी परीक्षा गालावरच होते.

दगडावर अति करणंही तितकंच वाईट. फार वेळ, फार जोरानं घासलं की कडेला पातळ पापुद्रा तयार होतो. असा वस्तरा पहिले चार-पाच हात भन्नाट चालतो, मग एकदम खरखरतो, कारण पापुद्रा तुटून पडतो. दगडावर शेवटी पाठीकडून, म्हणजे पट्ट्यावर मारतो तसे, चार-पाच हलके हात मारा आणि मग पुन्हा अगदी वजनरहित दहा फेऱ्या धार पुढं ठेवून द्या.

ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त वस्तऱ्यांबद्दल स्पष्टच सांगतो: त्यांच्यावर वेळ घालवू नका. पातं पिळलेलं असतं, पोलाद मऊ असतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. जुन्या बाजारातला, पातं सरळ असलेला, धारेला गंजाचे खड्डे न पडलेला वस्तरा त्याहून कितीतरी बरा. काउंटरवर किंवा काचेवर पातं आडवं ठेवून बघा. डुगडुगलं तर परत द्या.

सुरुवात चांगली, अर्ध्यात बिघडते

उजवा गाल छान, डावा बरा, हनुवटीपर्यंत पोचेतो वस्तरा खरखरायला लागतो. धार पाच मिनिटांत जात नाही. इथं पाणी आणि फेस बघा.

दाढीचा कोरडा केस चिवट असतो. पाणी मुरलं की तो फुगतो आणि मऊ पडतो, पण त्याला वेळ लागतो. आंघोळीनंतर लगेच दाढी करणं सगळ्यात उत्तम. नाहीतर गरम पाण्यात भिजवून पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. मग ब्रशनं फेस लावा, आणि पूर्ण चेहऱ्याला एकदम लावू नका. वस्तऱ्याची दाढी सावकाश होते, तोवर पंख्याच्या वाऱ्यानं हनुवटीवरचा फेस वाळून कवच होतो. पंखा बंद करा आणि प्रत्येक भागाला आधी ओला ब्रश फिरवा. फेस दुधावरच्या सायीसारखा ओला आणि चमकदार हवा. बर्फासारखा ताठ उभा राहणारा फेस दिसायला छान, पण त्यात हवाच जास्त असते.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतात. तोच बादलीच्या कडेला पांढरा दिसतो. साबणाचा बराच भाग त्यातच जातो, गालावर निसरडेपणा येत नाही. माझ्या बहिणीकडे लातूरला गेलो की माझी दाढी हमखास बिघडायची. एकदा तिथंच दोन वाट्यांत तोच साबण, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पिण्याचं फिल्टरचं पाणी घेऊन ब्रश फिरवला. पहिल्या वाटीत मोठे मोठे बुडबुडे आले आणि मिनिटभरात बसले. दुसरीतला फेस चमच्यावर उलटा केला तरी पडेना. फक्त फेसापुरतं वाटीभर पाणी बदललं तरी भागतं.

केस नीट भिजणं आणि कातडी ताणणं धारेसाठीही गरजेचं आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की पात्याच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पटीनं मऊ असलेला केसही धारेचे कण उडवू शकतो. केस कापला जाताना वाकला, आणि पोलादाची अंतर्गत रचना त्या जागी असमान असली, की तिथं बारीक टवका उडतो. अभ्यास साध्या रेझरच्या ब्लेडवर झाला होता. पण त्यातली जी गोष्ट आपल्या हातात आहे ती वस्तऱ्यालाही लागू पडते असं मी मानतो: केस वाकू द्यायचा नाही. मोकळ्या हाताच्या बोटांनी कातडी नगाऱ्यासारखी ताणली की केस मुळाशी ताठ उभा राहतो आणि सरळ कापला जातो.

ओढत नाही, पण नंतर आग होते

दाढी चालू असताना काहीच जाणवत नाही, तुरटी फिरवली की मात्र गळा पेटतो. तुरटी इथं उत्तम तपासनीस आहे. जिथं ती झोंबते तिथं वस्तऱ्यानं केसाबरोबर कातडीही खरवडली. आरशात बघून त्या जागा लक्षात ठेवा.

बहुतेक वेळा कोन जास्त झालेला असतो. पातं आधी गालावर आडवं ठेवा, मग पाठ साधारण पाठीच्या दीड ते दोन जाडीएवढी उचला. हा झाला अंदाजे ३० अंशांचा कोन. गालावर सगळ्यांना जमतो. जबड्याच्या हाडाखाली मात्र मनगट वळतं आणि कोन नकळत ४५ च्या पुढं जातो, पातं कापायच्या ऐवजी किसायला लागतं. उलट कोन फारच कमी झाला तर केस ओढले जातात. म्हणजे ओढतो म्हटल्यावर लगेच धारेला दोष देण्याआधी कोन थोडा वाढवून एक हात मारून बघा.

जोर हे दुसरं कारण, आणि ते बोथट धारेच्या पोटी जन्मतं. केस निघत नाही म्हणून दाबतो, दाबलं म्हणून कातडी सोलते. मूठ कधीच आवळू नका, तीन बोटं शेपटावर आणि करंगळी शेपटाच्या टोकाला, पेन धरतो तितक्याच ताकदीनं.

दोन हात पुरेत. पहिला केसांच्या ओघानं, दुसरा आडवा. उलटा हात गुळगुळीत करतो हे खरं, पण पहिले दोन महिने त्याच्या वाटेला जाऊ नका. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी तर नकोच, कारण उलटा कापलेला केस कातडीखाली राहतो आणि आतल्या आत वळून फोड आणतो.

दाढीनंतर वस्तरा ठेवतो कसा, हेही बघून घ्या. कार्बन पोलाद पावसाळ्यात मुंबई-कोकणात एका रात्रीत डाग धरतं, आणि धारेवरचा गंज भिंगाशिवाय दिसत नाही, गालाला मात्र समजतो. पातं टिपून कोरडं करा, कॅनव्हासवर दहा फेऱ्या मारा, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि चिकट होतं. वस्तरा आणि पट्टा न्हाणीघरात ठेवू नका. जुनी मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती कुजताना जे वायू सोडते त्यानंच पातं गंजतं, असा वस्तरा बंद डबीत कधीच ठेवू नये.

अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरणाऱ्यांना यातलं पट्ट्याचं आणि दगडाचं काहीच लागू नाही. त्यांनी ब्लेड खाचेत सरळ बसलंय का ते बघावं, दर दाढीला नवं अर्धं ब्लेड घ्यावं आणि हात आणखी हलका ठेवावा. ते ब्लेड खऱ्या वस्तऱ्याहून जास्त बोचरं असतं, कोपऱ्यानं पटकन कापतं. आणि वस्तरा कुठलाही असो, दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा वापरू नका. बाजारातून आणलेला जुना वस्तरा साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसल्याशिवाय गालाला लावू नका.

एकाच जागी त्रास

पट्टा सुधारला, टेपचा घोळ मिटला, गाल आणि हनुवटी निर्धोक झाली. पण डाव्या कानाखाली, जबडा जिथं गळ्याकडे वळतो तिथं, वस्तरा अजूनही अडायचा. धारेत दोष असता तर सगळीकडे जाणवला असता. पात्याच्या एका भागात असता तर टाचेनं किंवा टोकानं चालवून बघितल्यावर फरक पडला असता. तो पडला नाही. म्हणजे प्रश्न त्या जागेचाच होता.

दोन दिवस दाढी वाढू दिली आणि बोटाचं टोक चारी दिशांना फिरवून बघितलं. ज्या दिशेनं मऊ लागतं तो केसांचा ओघ. गालावर तो वरून खाली होता. डाव्या गळ्यावर मात्र कंठमण्याकडून कानाकडे, जवळजवळ आडवा, आणि मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा एक भोवरा. मी इतके महिने तिथं वरून खाली वस्तरा ओढत होतो. पहिला हात म्हणून जो सुलटा समजत होतो तो त्या जागी आडवाच पडत होता, आणि भोवऱ्यात तर निम्म्या केसांना उलटा.

कागदावर चेहरा काढून बाण काढले. तो कागद आरशाला महिनाभर चिकटवलेला होता. आता मान उजवीकडे कलती करतो, डाव्या हातानं गळपट्टीच्या हाडाशी कातडी खाली धरतो आणि कंठमण्याकडून कानाकडे, दोन-दोन सेंटिमीटरचे आखूड हात मारतो. दुसरा हात वरून खाली, फक्त भोवऱ्याच्या बाहेर. भोवऱ्याला मी एकदाच वस्तरा लावतो. संध्याकाळी बोट फिरवलं तर नाण्याएवढी जागा किंचित खरखरीत लागते. तुरटी मात्र आता तिथं झोंबत नाही, आणि शेवटची धार लावून साडेचार महिने झाले आहेत.